खिडकीतून विकलेला

झ्लातानं आपला पोटचा मुलगा विकला तो मंगळवारी. आम्हा ज्यू लोकांत मंगळवार चांगला. जग घडवताना देवानं त्या दिवशी दोनदा ‘छान झालं’ म्हटलं, बाकीच्यांना एकेकदा, आणि सोमवारला तर एकदाही नाही. म्हणून लग्न मंगळवारी, नव्या घरात पाऊल मंगळवारी. मुलगा विकायचा तर तोही मंगळवारीच.

शाया सहा वर्षांचा होता. त्याचा घसा आतून पांढरा पडला होता आणि प्रत्येक श्वास करवत ओढल्यासारखा बाहेर येत होता. झ्लातानं याआधी तीन मुलं पुरली होती. दोन तिकडं बेसाराबियात, तिसरी मुलगी इथं आर्जेंटिनात, वसाहतीला जमीन मिळाली त्या पहिल्याच हिवाळ्यात. कबरस्तानाची जागा आखून देताना वसाहत वसवणाऱ्या कंपनीचा साहेब म्हणाला होता, कुंपणाची घाई नाही, अजून मेलंय कोण? त्याच आठवड्यात झ्लाताच्या मुलीनं त्याला उत्तर दिलं. तेव्हापासून झ्लाताची पक्की समजूत झाली होती की मृत्यूदूताला तिचं घर पाठ आहे. तिनं समुद्र ओलांडला. बंदरावरच्या अधिकाऱ्यानं तिचं आडनाव भलतंच लिहिलं. तिच्या नवऱ्यानं, कल्मननं, शिंप्याची सुई टाकून बैलजोडी धरली. सगळं बदललं, तरी मृत्यूदूतानं पत्ता शोधून काढलाच.

“विकून टाक,” योखेवेदआजी म्हणाली. वसाहतीतली सगळ्यात म्हातारी बाई. अर्ध्या पोरांची नाळ तिनं कापलेली, आणि मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळही तीच घालायची. “तो तुझं पोर न्यायला आलाय ना? मग ते तुझं राहूच देऊ नको. तो दारात येऊन विचारेल, झ्लाताचा मुलगा कुठाय? तर झ्लाताला मुलगाच नाही. जाईल हात हलवत.”

आता तुम्ही हसाल. हसा. तीन मुलं पुरलेल्या बाईच्या तोंडावर हसून दाखवा म्हणजे झालं.

कल्मन मात्र हसला नाही, चिडला. “अगं, देवाचा दूत आहे तो, कंपनीचा कारकून नाही. असा फसेल?”

“कारकून तरी कुठं फसतो?” झ्लाता म्हणाली. “पण अर्ज करतोसच ना दर महिन्याला?”

विकत घेणारी बाई अशी हवी की जिचं एकही मूल गेलेलं नाही. अशी बाई वसाहतीत एकच होती, आणि ती शेजारीच राहत होती. फ्रुमा. कंपनीनं घरं जोडीजोडीनं बांधली होती, विटांच्या भिंती, वर पत्रा, दोन घरांत एक विहीर. झ्लाताच्या विहिरीवर दुसरी बादली फ्रुमाची. तिला सहा मुलं, सहाही लालबुंद आणि भांडकुदळ. फ्रुमाच्या तोंडाचा पट्टा पहाटे सुरू व्हायचा तो दिवे मालवेपर्यंत, पण कुणी उपाशी दिसलं तर बोलता बोलता त्याच्या हातात भाकरीचा तुकडा यायचा.

“आण इकडं,” फ्रुमा म्हणाली. “सहा आहेत तिथं सातवा. एक वाडगं जास्त मांडायचं, दुसरं काय!”

मुलगा दारातून द्यायचा नसतो, कारण दारावर नजर असते. म्हणून झ्लातानं शायाला रजईत गुंडाळून मागच्या खिडकीत उचलून धरलं. बाहेर फ्रुमा उभी, तिच्या पाठीमागं गवताचं रान आणि बोचरा वारा. योखेवेदआजीनं सांगितलं तसं फ्रुमानं तीनदा विचारलं, “विकतेस?” आणि झ्लातानं तीनदा उत्तर दिलं, “विकते.” फ्रुमानं जुन्या देशातलं एक तांब्याचं नाणं पुढं केलं. इथं त्याची किंमत शून्य होती. पण गप्प बसेल तर ती फ्रुमा कसली. मुलाला हातात घेत ती म्हणाली, “बाई गं, हाडंच आहेत नुसती. भाव कमी कर की काहीतरी.”

जमलेल्या बायका हसल्या. झ्लाता हसली नाही.

“थट्टा नको, फ्रुमा. तो ऐकतोय.”

मग योखेवेदआजीनं नियम सांगितला. लग्नाच्या चांदव्याखाली उभा राहीपर्यंत हा मुलगा फ्रुमाचा. फ्रुमा आई, झ्लाता मावशी. चांदव्याखाली गेला की सुटला, मग झ्लातानं त्याला परत मागून घ्यावं. बहुतेक घरांत हे एवढं बोलून सोडून देतात. मूल आपल्याच घरी जेवतं, झोपतं, शेजारणीला गंमतीत आई म्हणतं, आणि झालं. पण झ्लाताला अर्धवट काम नको होतं. तिनं शायाची गादी, उशी आणि पाणी प्यायचा पेलासुद्धा खिडकीतून पलीकडं दिला.

शाया वाचला. चौथ्या दिवशी गावाकडून डॉक्टर घोड्यावरून आला, घशात डोकावला आणि म्हणाला की धोका टळला आहे, आता भरपूर दूध द्या. झ्लाताला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की धोका मंगळवारीच टळला होता.

मग तो हिंडायला लागला आणि पहिली गोष्ट केली ती ही की घरी आला. झ्लाता चुलीपाशी होती. दारातूनच त्यानं हाक मारली, “आई, बघ! मी बरा झालो.”

झ्लाताचा जीव तुटला. धावत जाऊन त्याला उराशी धरावं असं तिला इतकं वाटलं की तिनं दोन्ही हात चुलीच्या कडेवर दाबून धरले.

“मावशी म्हण,” ती म्हणाली.

“मावशी,” शाया म्हणाला, आणि खेळ समजून हसला. “आई, आता मी आत येऊ?”

“तुझं घर तिकडं आहे. जा, फ्रुमाआई वाट बघत असेल.”

तो पुन्हा दोन-तीनदा आला. पुढं पुढं दाराशी येऊन नुसता उभा राहायचा. मग येईनासा झाला. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावल्यावर फ्रुमा आपल्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायची, सहाजणांच्या रांगेत सातवं डोकं शायाचं. झ्लाता आपल्या अंधाऱ्या खिडकीत उभी राहून ते बघायची, आणि डोळे पुसून मनात म्हणायची, चाललंय ते बरं चाललंय.

उन्हाळ्यात गहू कापून झाला. कल्मन आणि बाकीचे पुरुष गाड्या भरून रेल्वे स्टेशनकडं गेले, आणि त्याच आठवड्यात फ्रुमाची रेझल आजारी पडली. चार वर्षांची. घशाचा तोच रोग. या वेळी डॉक्टर वेळेवर आला, तरी काही उपयोग झाला नाही. ज्या बाईचं एकही मूल गेलं नव्हतं, तिचं एक गेलं.

आमच्यात सुतकाचे सात दिवस घरचे लोक बुटक्या स्टुलावर बसतात आणि आरसे झाकून ठेवतात. पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं असतं, उकडलेली अंडी आणि भाकरी. झ्लातानं अंडी उकडली आणि गेली. आत बायका बसल्या होत्या. कोपऱ्यात नाखमन होता, वसाहतीचा शोखेत. शास्त्राप्रमाणे गुरं-कोंबड्या कापायच्या, पोरांना अक्षरं शिकवायची आणि रब्बी नसल्यामुळं रब्बीचंही काम करायचं, अशी तिन्ही ओझी त्याच्याच डोक्यावर होती. शाया दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. फ्रुमा गप्प होती. फ्रुमा गप्प बसलेली वसाहतीत कुणी पाहिलीच नव्हती, त्यामुळं सगळ्यांच्या काळजाचं पाणी झालं होतं.

झ्लातानं अंडं पुढं केलं. फ्रुमानं ते घेतलं नाही.

“तुझा मुलगा घेऊन जा,” ती म्हणाली.

“फ्रुमा...”

“घेऊन जा म्हणते ना! तो तुझ्या दारात आला होता. तुझं पोर न्यायला आला होता. तू मोठी शहाणी, माझ्या दाराकडं बोट दाखवलंस. त्याला एक पोर न्यायचंच होतं, त्यानं माझं नेलं. मी हसत हसत घेतला गं तुझा मुलगा. भाव कमी कर म्हणाले.” आणि मग तिला रडू फुटलं. “मला नको हा. माझी रेझल दे, नाहीतर तुझा तू घेऊन जा.”

गेलं अर्धं वर्ष झ्लाता ज्याच्यासाठी झुरत होती, ते कुणीतरी उचलून तिच्या ओटीत टाकत होतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पण तिची नजर झाकलेल्या आरशाकडं गेली. मृत्यूदूत अजून इथंच असेल, तिला वाटलं. याच घरात, याच आठवड्यात. कान टवकारून बसला असेल की झ्लाता कधी ‘माझा’ म्हणते. तिनं ‘माझा’ म्हटलं की संपलंच.

“तो माझा नाही,” झ्लाता म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, खोलीतल्या कोपऱ्यान् कोपऱ्यात ऐकू जाईल असं. “मी विकलाय. सगळ्यांसमोर विकलाय. माझा काही संबंध नाही.”

नाखमन ताडकन उठला. “लाज वाटत नाही दोघींना? पोर काय कोंबडी आहे? असल्या विक्रीला शास्त्रात काडीचा आधार नाही. झ्लाता, ऊठ, घेऊन जा मुलाला.”

“शास्त्र तुम्ही पाळा,” झ्लाता म्हणाली. “तुमची पाच तरी जिवंत आहेत.”

बोलून ती वळली, तेव्हा तिला शाया दिसला. तो रडत नव्हता. मोठी माणसं भाव ठरवताना पोरं ऐकत उभी राहतात तसा, नीट लक्ष देऊन ऐकत होता. ती त्याच्या अंगावरून बाहेर निघून गेली. थांबली असती तर तिला जमलं नसतं, म्हणून थांबली नाही.

दुपारी फ्रुमानं त्याची गादी आणि उशी विहिरीच्या कट्ट्यावर आणून टाकली. झ्लातानं ते आपल्या घरातून पाहिलं आणि दार लावून दाराला पाठ लावून बसली. आज नाही, ती मनात घोकत होती. आज नाही, सुतक संपेपर्यंत नाही. फ्रुमाचा राग उतरेल, घेईल त्याला आत. फ्रुमाचं मन काही दगडाचं नाही.

पुढं काय झालं ते तिला नंतर बायकांनी सांगितलं, आणि आपल्याकडच्या बायका काही हातचं राखून सांगत नाहीत. शाया थोडा वेळ कट्ट्यावर बसला. मग उशी काखेत मारून निघाला, आणि घरोघर गेला. दारात नाही, प्रत्येक घराच्या मागच्या खिडकीपाशी. काचेवर टकटक करायचा आणि कुणी डोकावलं की विचारायचा, “तुम्हाला मुलगा विकत घ्यायचाय का?” कुणी त्याला भाकरी दिली, कुणी साखरेचा खडा दिला. घरात मात्र कुणी घेतलं नाही. वसाहतभर पोरं होती आणि पोर असलेल्या प्रत्येक घरात भीती होती. हा ज्या घरात गेला त्या घरातलं मूल गेलं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. नाखमननं घेतलं असतं, पण तो अजून फ्रुमाच्या घरी प्रार्थनेला बसला होता, आणि त्याच्या बायकोनं आतून खिडकीची खिट्टी लावली.

ऊन उतरलं होतं. झ्लाताच्या मागच्या खिडकीवर टकटक झाली.

तिनं उघडली. बाहेर शाया होता. चेहरा धुळीनं माखलेला, काखेत उशी. त्यानं तिच्याकडं अनोळखी बाईकडं बघावं तसं पाहिलं.

“मावशी, तुला मुलगा विकत घ्यायचाय का?”

झ्लातानं खिडकीची चौकट धरली. गिऱ्हाईक नाखूश दिसतंय असं वाटून तो म्हणाला, “मी आता आजारी नाही. आणि मी फार खात नाही.”

तिला त्या क्षणी ओरडून सांगायचं होतं. बाळा, तू माझा आहेस, तुझ्यासाठीच हे सगळं, मी मरेन पण तुला जगवेन. सगळे शब्द ओठांवर आले होते. पण शेजारच्या घरात आरसे झाकलेले होते. तिनं ते शब्द गिळले आणि आवाज जमेल तितका कोरडा करून विचारलं, “काय घेशील?”

शाया विचारात पडला. “आत येऊ दे,” तो म्हणाला.

तिनं परडीतला कांदा उचलून त्याच्या हातावर ठेवला, कारण हाताशी तेवढंच होतं. “घेतला,” ती म्हणाली. “मी तुझी आई नाही. मावशी आहे. मी तुला विकत घेतलंय. कळलं?”

“कळलं,” शाया म्हणाला. तिनं त्याला खिडकीतून आत ओढून घेतलं.

सुतक संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी फ्रुमा विहिरीवर आली. शायाला बघताच बादली टाकून तिनं त्याला मांडीवर ओढलं आणि गळा काढला. “वेडी झाले होते रे मी! तुला बाहेर टाकलं, हात झडले नाहीत माझे! मारतोस का मला? मार. मार तुझ्या आईला.” शायानं मारलं नाही. थोड्या वेळानं त्यानं तिच्या गळ्यात हात टाकले. झ्लाता दोन पावलांवर उभी होती. तिलाही असंच रडायचं होतं, असंच मांडीवर ओढायचं होतं. फ्रुमाला परवानगी होती.

त्यानंतर तो झ्लाताकडं झोपायचा, दुपारी फ्रुमाकडं जेवायचा, फ्रुमाला आई म्हणायचा आणि झ्लाताला मावशी. वर्षं गेली. टोळधाड आली, गेली. बैलांच्या जागी घोडे आले. पोरं आपसात इथल्या लोकांच्या भाषेत भांडायला लागली. झ्लातानं त्याचे सदरे शिवले, तापात त्याच्या उशाशी बसली, त्याच्या ताटात मांसाचा चांगला तुकडा वाढला, आणि हे सगळं एखाद्या बऱ्यापैकी मावशीनं करावं तेवढंच केलं, त्याहून एक बोट जास्त नाही. कुठं हात रेंगाळला तर आखडून घेतला. ‘का’ ते तिनं त्याला कधी सांगितलं नाही, कारण सांगणं म्हणजे ‘माझा’ म्हणणं. ते चांदव्याखाली सांगायचं होतं. तिनं मनात सगळं रचून ठेवलं होतं.

शाया पंधराचा असताना फ्रुमा गेली. कापणीत उन्हानं चक्कर आली ती उठलीच नाही. कबरीपाशी तिची मुलं प्रार्थना म्हणत उभी राहिली, त्यांच्यात शाया उभा राहिला. झ्लाताला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. मृत्यूदूत बघत असेल तर बघू दे, ती मनात म्हणाली, कुणाचा मुलगा आहे ते.

शायाचं लग्न ठरलं. मुलगी पलीकडच्या वसाहतीतली, मिंदल नावाची, हसरी, सशक्त. दिवस अर्थात मंगळवार. झ्लाताला आदल्या आठवड्यापासून अन्न गोड लागत नव्हतं. पाव भाजताना, चांदव्याचं कापड इस्त्री करताना ती एकच हिशेब करत होती. मंगळवारी संध्याकाळी चार काठ्यांवर हे कापड उभं राहील, त्याखाली शाया उभा राहील, आणि मग मृत्यूदूताचा बापही काही करू शकणार नाही. मग ती म्हणेल, आता आई म्हण.

सकाळी ती अंगणात आली तर शाया गाडीला घोडा जुंपत होता. लग्नाच्या दिवसाचा उपास त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. कल्मन घोड्याला थोपटत उभा होता.

“बाबा, तो पट्टा द्या इकडं,” शाया म्हणाला.

झ्लाता जागीच थिजली. “काय म्हणालास?”

शाया ओशाळला. कल्मननं दाढी खाजवली. “शेतात म्हणतो तो,” तो म्हणाला. “लहान होता तेव्हापासून. तिकडं वाऱ्यात कोण ऐकतंय? मीच म्हटलं म्हण.”

“इतकी वर्षं?”

“इतकी वर्षं.”

आणि काही झालं नव्हतं. रोज शेतात तो बाबा म्हणत होता आणि तिच्यासमोर हा असा घोड्यासारखा धडधाकट उभा होता. झ्लातानं नुसतं विचारलं, “कुठं निघालास?”

“कबरस्तानात. आईला बोलवायला.”

आमच्यात पोरक्या मुलामुलींनी लग्नाआधी कबरीवर जायचं असतं. गेलेल्या आईबापाला लग्नाचं आमंत्रण द्यायचं असतं, म्हणजे तेही चांदव्यापाशी येऊन उभे राहतात.

“मी येते,” झ्लाता म्हणाली.

वाटभर ती बोलली. रचून ठेवलेलं सगळं उलटसुलट झालं. तीन कबरी, मंगळवार, झाकलेला आरसा. “त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुला माझा नाही म्हणाले, ते तुला जगवायला रे. तुझी गादीसुद्धा मी पलीकडं दिली, का, तर त्याला शंका यायला नको. खिडकीत तू आलास तेव्हा माझं काय झालं ते मलाच ठाऊक.”

“मला माहीत आहे,” शाया लगाम सैल सोडत म्हणाला. “नाखमननं सांगितलंय. फ्रुमाआईनंही सांगितलं होतं. अख्ख्या वसाहतीला माहीत आहे, मावशी.”

“मग?”

“मग काय? वाचलो ना.”

कुंपणापाशी तो उतरला. झ्लाताच्या मुलीच्या कबरीजवळून, रेझलच्या कबरीजवळून तो फ्रुमाच्या दगडापाशी गेला. डोक्यावरची टोपी नीट केली, दगडावर हात ठेवला आणि साध्या आवाजात, शेजारच्या खोलीत हाक मारावी तसा बोलला. “आई, आज माझं लग्न आहे. संध्याकाळी ये. मिंदलला तू पाहिलं नाहीस. तुला आवडेल ती.” मग तो तिथंच खाली बसला. झ्लाता मागं उभी होती. त्याला जवळ घ्यावं असं वाटलं, हात पुढंही केला, पण तो हात कसा पुढं करायचा ते आता तिला येत नव्हतं.

परतताना तिला राहवलं नाही. “शाया, संध्याकाळी, चांदव्याखाली... तेव्हा चालतं. आजीनंच सांगितलं होतं. एकदा मला आई म्हणशील?”

शायानं तिच्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. विहिरीवर शेजारणीनं हाक मारली तर जड बादली उचलून द्यावी, तितक्या सहज तो म्हणाला, “म्हणेन की, मावशी.”

आणि तिला गाडीत चढता यावं म्हणून त्यानं हात पुढं केला.